कोकणात पहिल्यांदा सर्वेक्षणाला उतरताना: शाळा, दवाखाना आणि मंडळाची पावती

एमएसडब्ल्यूचा (समाजकार्यातल्या पदव्युत्तर पदवीचा) प्रकल्प असो, पीएचडीचं फील्डवर्क असो की एखाद्या संस्थेने सांगितलेलं मूल्यमापन, ‘देणगीतून चाललेल्या कामामुळे मुलांच्या शिक्षणात आणि आरोग्यात काय फरक पडला’ हा विषय घेऊन बरेच जण कोकणात उतरतात. विषय चांगला आहे. अडचण अशी की संशोधनपद्धतीच्या पुस्तकातलं गाव एका जागी राहतं, कोकणातलं राहत नाही. पोरं आजीकडे इथे, बाप नालासोपाऱ्याला, आई गणपती होईपर्यंत इथे आणि मग तिकडे. शाळेला पंखे देणारे दादरला राहतात आणि शाळा चालवणाऱ्या संस्थेची नोंदणी मुंबईच्या धर्मादाय कार्यालयात असते. नुसतं गावात बसून केलेलं काम म्हणून अर्धंच राहतं. पहिल्यांदाच असं काम हातात घेणाऱ्यांसाठी हा लेख आहे. कामं ज्या ओळीने अंगावर येतात त्याच ओळीने लिहिलं आहे.

१. आधी प्रश्न आवळा

मार्गदर्शकांसमोर ठेवलेल्या पहिल्या आराखड्याचं नाव बहुतेक वेळा ‘कोकणातील स्वयंसेवी संस्थांचे शैक्षणिक व आरोग्यविषयक योगदान : एक चिकित्सक अभ्यास’ असं असतं. या नावाखाली काहीही बसतं, म्हणून हातात काहीच येत नाही. एक तालुका, एक वयोगट, एका प्रकारची मदत आणि मोजता येईल असा एक परिणाम, एवढं ठरवा. ‘दापोली तालुक्यात ज्या जिल्हा परिषद शाळांना गेल्या दहा वर्षांत ग्रामस्थ मंडळाकडून, म्हणजे गावच्या मुंबईकरांच्या मंडळाकडून, मदत मिळाली, तिथली पाचवीची मुलं दुसरीचा उतारा वाचतात का’ हे दोन माणसांना एका वर्षात झेपेल असं काम आहे.

परिणाम निवडताना इथे एक खास खड्डा आहे. दहावी-बारावीच्या परीक्षा घेणाऱ्या कोकण विभागीय मंडळात रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे दोनच जिल्हे येतात आणि दहावीच्या निकालात हा विभाग वर्षानुवर्षं राज्यात पहिला असतो. २०२४ मध्ये ९९.०१ टक्के, २०२५ मध्ये ९८.८२ टक्के. बातमी म्हणून झकास, पण संशोधनाला हा आकडा निरुपयोगी. शंभरातले नव्व्याण्णव जिथे पास होतात, तिथे मदत मिळालेली शाळा आणि न मिळालेली शाळा निकालावरून वेगळ्या काढताच येणार नाहीत. त्यापेक्षा दहावीनंतर मुलगी कुठे गेली ते विचारा: अकरावीला, आयटीआयला, नर्सिंगला, की काजूच्या कारखान्यात? किंवा खालच्या वर्गात जा आणि वाचन-गणित तपासा. आरोग्याच्या बाजूने जन्माच्या वेळचं वजन, वयानुसार उंची, किशोरवयीन मुलींचं हिमोग्लोबिन हे नवख्याला पेलणारे परिणाम आहेत. ‘आरोग्यविषयक जागरूकता’ मोजायच्या फंदात पडू नका. पाहुण्यापुढे सगळेच जागरूक असतात.

साधनं कमी आहेत म्हणून प्रश्न लहान, असा कमीपणा मात्र नको. डॉ. हिम्मतराव बावस्करांनी विंचूदंशावरचं काम महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून सुरू केलं. लाल विंचू चावलेल्या रुग्णाच्या हृदयावर काय होतं याची त्यांची निरीक्षणं १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली आणि पुढे प्राझोसिन या औषधाच्या वापराने विंचूदंशाच्या मृत्यूंचं प्रमाण कितीतरी खाली आलं. सुरुवात होती रुग्णाशेजारी रात्रभर बसून केलेल्या टिपणांची.

२. बस पकडण्याआधी आकडे वाचा

जिल्ह्याबद्दलची बरीच माहिती घरबसल्या मिळते. प्रत्येक स्रोत माणूस कुठे मोजतो हे मात्र पाहून घ्यायचं.

२०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे १,१२२ बायका होत्या आणि सिंधुदुर्गात १,०३६. राज्याचा आकडा ९२९. हा आकडा पाहून ‘कोकणात मुलींना मान आहे’ असं कुणी लिहिलं की समजावं, हा माणूस इथे आलेला नाही. पुरुष मुंबईला आहेत, इतकाच त्याचा अर्थ. मुलींच्या जन्माबद्दल बोलायचं असेल तर शून्य ते सहा वयोगटाचं प्रमाण वेगळं काढून बघावं लागतं. जनगणना आता जुनी झाली असली तरी जिल्हा हस्तपुस्तिकेतली गावनिहाय सोयीसुविधांची यादी अजून उपयोगी पडते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी २०१९-२१ ची. मुंबईत देवनारला असलेली आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था ते काम पाहते. जिल्हावार पत्रकं मोफत मिळतात, पण महाराष्ट्रभरात सुमारे ३४ हजार महिला आणि ३६ जिल्हे, म्हणजे एका जिल्ह्याच्या वाट्याला सरासरी नऊशे-साडेनऊशे. तालुक्याचं काही त्यातून निघणार नाही आणि दोन-तीन टक्क्यांच्या फरकावर प्रकरण लिहायचं नाही. शिवाय आदल्या रात्री त्या घरात झोपलेल्या बाईलाच त्यात धरतात. बाळंतपणासाठी डोंबिवलीहून माहेरी आलेली मुलगी रत्नागिरीच्या आकड्यात येऊ शकते आणि सासर रत्नागिरीत असलेली, पण नवऱ्याकडे गेलेली सून सुटते.

आरोग्य खात्याची एचएमआयएस ही मासिक आकडेवारी तर दवाखान्याची आहे, गावाची नव्हे. बाळंतपण ज्या दवाखान्यात झालं तिथे त्याची नोंद. जन्मनोंदणीचंही तसंच: १९६९ च्या कायद्याने जन्म जिथे झाला तिथे नोंदवायचा. मुंबईच्या केईएम किंवा नायर रुग्णालयात जन्मलेलं आणि दोन महिन्यांनी आजीकडे आलेलं बाळ ग्रामपंचायतीच्या जन्मनोंदीत सापडणारच नाही. अंगणवाडीच्या वहीत मात्र ते असतं.

शाळांसाठी यूडायस, म्हणजे शाळांच्या माहितीची सरकारी नोंद. प्रत्येक शाळेला अकरा अंकी क्रमांक आहे, महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो. शाळेच्या नावावर विसंबू नका, क्रमांकच लिहा, ‘शाळा नं. १’ नावाच्या शाळा गावोगाव आहेत. मुलांना येतं काय, यासाठी ‘असर’ आहे. प्रथम संस्था २००५ पासून ते सर्वेक्षण करते, जिल्ह्यात ३० गावं आणि गावात २० घरं घेऊन, आणि मूल शाळेत नाही तर घरी तपासतात. त्यांची वाचनाची चाचणी उघड उपलब्ध आहे. स्वतःची नवी चाचणी बनवण्याची हौस पहिल्या कामात टाळा, म्हणजे तुमचे आकडे दुसऱ्या कुणाच्या शेजारी ठेवता तरी येतील.

आधी काय झालंय तेही बघा. शोधगंगा या ऑनलाइन भांडारात विद्यापीठांचे प्रबंध मोफत वाचायला मिळतात. चिपळूणजवळ डेरवणला धर्मादाय विश्वस्त संस्थेच्या वालावलकर रुग्णालयाने किशोरवयीन मुलींच्या आरोग्याचा दीर्घ पल्ल्याचा अभ्यास चालवला आहे. आरोग्य, शाळकरी वय आणि देणगीतून उभं राहिलेलं रुग्णालय या तिन्ही गोष्टी तिथे एकत्र आहेत. मुलींचं हिमोग्लोबिन हा विषय घ्यायचा असेल तर तो वाचल्याशिवाय प्रश्नावली लिहायला बसू नका.

३. पैशाचा माग काढा, तोही दोन्ही टोकांनी

नवखे सगळ्यात जास्त इथेच चुकतात. देणगी म्हटलं की ते नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवर जातात, जिल्हा निवडतात, आलेल्या संस्थांची यादी छापतात आणि म्हणतात, हे आमचं विश्व. त्या यादीत बऱ्याच संस्था नुसत्या कागदावरच्या असतात. उलट ज्या संस्थेने गावात हायस्कूल काढलं ती त्यात रत्नागिरीच्या नावावर सापडत नाही, कारण तिचं कार्यालय लालबागच्या चाळीत आहे.

गावच्या माणसांनी मुंबईत वर्गणी काढून गावाकडे पाठवायची ही रीत जुनी आहे. महर्षी कर्वे दापोलीजवळच्या मुरूडचे. मुंबईत असताना त्यांनी गावकऱ्यांकडून गावासाठी पैसे जमवून मुरूड फंड उभा केला होता, तोही एकोणिसाव्या शतकात. गिरणगाव भरात होतं तेव्हा गावोगावची मंडळं मुंबईत निघाली आणि त्यांच्या पैशातून शाळेची इमारत, विहीर, पाखाडी (दगडी पायवाट), देवळाचा सभामंडप असं बरंच काही झालं. आता ती माणसं दिवा, विरार, बदलापूरला पांगली आहेत. वर्गणी फोनवरून जाते, पण पावतीपुस्तक अजून आहे.

तेव्हा सुरुवात शाळेच्या व्हरांड्यात करा. तिथे भिंतीवर संगमरवरी पाटी असते: ‘कै. मातोश्री अमुक यांच्या स्मरणार्थ’, नाव, वाडी, मुक्काम मुंबई, रक्कम आणि साल. पाटीचा फोटो काढा, मजकूर वहीत उतरवा. पंख्याच्या पात्यावर, कपाटाच्या दारावर, पाण्याच्या टाकीवर रंगाने लिहिलेली नावंही उतरवा. कोणत्या साली काय आलं याचा सनावळीसकट पहिला तक्ता असा अर्ध्या तासात तयार होतो आणि मुख्याध्यापकांना एकही अवघड प्रश्न विचारावा लागत नाही. मग शाळेचं जडवस्तू रजिस्टर, म्हणजे टिकाऊ सामानाची नोंदवही, मागा आणि पाटीशी ताडून बघा. पाटी आहे पण वस्तू नाही, वस्तू आहे पण पाटी नाही, दोन्ही प्रकार दिसतील आणि दोन्ही लिहून ठेवायचे.

दुसरं टोक मुंबईत. मंडळाचा वार्षिक अहवाल मिळवा. पातळशी पुस्तिका असते, बरीच पानं देणगीदारांच्या नावांची, वाडीवार, ५०१ आणि १,००१ च्या रकमा, मागे जमाखर्च. जुने अहवाल एखाद्या माजी चिटणिसाच्या कपाटात वरच्या कप्प्यात असतात, आणि चहा झाल्याशिवाय ते खाली येत नाहीत. मंडळाच्या सभा बहुधा रविवारी असतात. दोन सभांना नुसतं जाऊन बसा. पैसे शाळेला द्यायचे की देवळाला, यावर तिथे जो वाद होतो तो कुठल्याच प्रश्नावलीत सापडत नाही.

नोंदणीकृत संस्थांसाठी कायद्याची तोंडओळख हवी. बहुतेक जुन्या संस्था १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम १९५० खाली, अशा दोन्हीकडे नोंदवलेल्या असतात. पावतीवरच्या नोंदणी क्रमांकापुढे बहुधा कंसात गावाचं नाव असतं, (मुंबई) किंवा (रत्नागिरी). त्यावरून कुठल्या धर्मादाय कार्यालयात कागद आहेत ते कळतं. मुंबईचे असतील तर वरळीला जायचं. संस्था दरवर्षी जे हिशेब देते त्यात परिशिष्ट आठ म्हणजे ताळेबंद आणि परिशिष्ट नऊ म्हणजे उत्पन्न-खर्च. परिशिष्ट नऊमध्ये उद्दिष्टांवरचा खर्च धार्मिक, शैक्षणिक, वैद्यकीय मदत, गरिबी निवारण आणि इतर अशा रकान्यांत वेगळा दाखवावा लागतो. आपल्या विषयाला याहून सोयीचा कागद नाही. वीस संस्थांची दहा-दहा वर्षांची परिशिष्टं जमवली तर तेवढ्यावर एक स्वतंत्र निबंध उभा राहील.

कंपन्यांचा पैसा वेगळा मोजा. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा नफा ५ कोटी यांपैकी एक निकष पुरा करणाऱ्या कंपनीला गेल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात, आणि आजूबाजूच्या परिसराला प्राधान्य द्यायचं असतं. त्यामुळे हा पैसा लोटे, रोहा, नागोठणे अशा कारखान्यांच्या पट्ट्यात दिसतो आणि मंडणगड किंवा वैभववाडीत फारसा नाही. कंपनीच्या वार्षिक अहवालात तपशील असतो. जिल्ह्याच्या रकान्यात ‘अखिल भारतीय’ लिहिलेलं असेल तर तो आकडा ओढूनताणून रत्नागिरीचा करू नका.

श्रमदान, जमिनीचं बक्षीसपत्र, निवृत्त बाईंनी फुकट घेतलेले वर्ग यांची पावती नसते. रुपयांत मोजायचा अट्टहास नको, पण नोंद करा.

४. परवानग्या: दारं तीन, चाव्या वेगवेगळ्या

माणसांवरचा कुठलाही आरोग्यविषयक अभ्यास आधी नोंदणीकृत नीतिशास्त्र समितीकडे जातो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं वाचा. अठराखालच्या मुलांसाठी पालकांची लेखी संमती लागते. त्याशिवाय सात ते बारा वयाच्या मुलाचा तोंडी आणि बारा ते अठराच्या मुलाचा लेखी होकार घ्यायचा. परदेशी पैसा किंवा भागीदार असेल तर आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मंजुरी वेगळी, आणि तिला वेळ लागतो.

आता जिल्ह्यातली दारं. जिल्हा परिषदेच्या शाळेसाठी शिक्षणाधिकारी (प्राथमिक) यांचं पत्र, त्याची प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना, मग केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाचे (केंद्राचे) प्रमुख. हायस्कूल असेल तर शिक्षणाधिकारी (माध्यमिक) आणि संस्थेच्या कार्यवाहांचं पत्र. ते कार्यवाह मुंबईत असतील हे एव्हाना सांगायला नको. आरोग्यात नवखे हमखास चुकीच्या टेबलावर जातात. उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेच्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे, तर ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयं जिल्हा शल्यचिकित्सकांकडे. एकाचं पत्र दुसऱ्याकडे चालत नाही. अंगणवाडी हे तिसरंच खातं, महिला व बालविकासाचं. तालुक्याला बालविकास प्रकल्प अधिकारी असतात. तिन्ही अर्ज एकाच आठवड्यात टाका.

पत्र हातात आलं म्हणजे गावाने होकार दिला असं नाही. सरपंच, पोलीस पाटील, गावकार (गावाचा परंपरागत प्रमुख) यांना भेटून सांगावं लागतं. राजापूर तालुक्यात तर जास्तच. जैतापूरचा अणुप्रकल्प, नाणारच्या रिफायनरीची रद्द झालेली अधिसूचना, २०२३ मध्ये बारसूला रिफायनरीच्या माती तपासणीवरून झालेलं आंदोलन, एवढं सगळं पाहिलेल्या गावात कुणी मोबाइल समोर धरून घराचं लोकेशन घेऊ लागला तर लोक विचारणारच की बाबा, जमीन कोणाला हवी आहे? अशा ठिकाणी जीपीएस बंद ठेवा, वाडीचं नाव पुरे. संमतीपत्रावर सही घेताना कागद आधी मोठ्याने वाचून दाखवा आणि एक प्रत घरात ठेवा.

५. पंचांग बघून फील्डवर्क

लावणीच्या दिवसांत, म्हणजे जून-जुलैत, घरात कुणी भेटत नाही. सकाळी सातला माणसं शेतात असतात आणि पावसाने नेटवर्कही गेलेलं असतं. बंदरावर नेमकं उलट. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, होड्या वर ओढलेल्या, त्यामुळे हर्णै, दाभोळ, मिरकरवाड्याला पुरुषांशी निवांत बोलायचं तर हेच दोन महिने. एरवी हर्णैला संध्याकाळी लिलावाच्या वेळी प्रश्नावली घेऊन उभं राहिलात तर कोळणी तुम्हाला बाजूला सारतील, आणि ते बरोबरच आहे.

गणपतीत आणि शिमग्यात चाकरमानी येतात. देणगीदारांच्या आणि मुंबईत राहणाऱ्या आईबापांच्या मुलाखतींना याहून चांगली वेळ नाही. घरोघरची मोजणी मात्र तेव्हा अजिबात करू नका, गाव दुप्पट झालेलं असतं आणि शाळा बंद असते. मोजणीसाठी दिवाळीची सुट्टी संपल्यापासून जानेवारीअखेरपर्यंतचा काळ बरा. फेब्रुवारीनंतर परीक्षा, काजू, आंबा. आंब्याच्या बागांत राखणीला येणारे नेपाळी कामगार आणि त्यांची मुलं हा फार कमी पाहिलेला विषय आहे, तो घेणाऱ्यांनी मात्र याच महिन्यांत यायचं.

रायगडात कातकरी वाड्यांवर काम असेल तर वरचं सगळं उलटं धरा. दिवाळीनंतर कुटुंबंच्या कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. डिसेंबरात गेलेला सर्वेक्षक ‘वाडीत मुलं कमी आहेत’ असं लिहून येतो.

६. नमुना: वाडी, बंद घरं आणि सात मुलांची शाळा

इथलं गाव म्हणजे डोंगरउतारावर पसरलेल्या आठ-दहा वाड्या. रस्त्यालगतची वाडी आणि वरची धनगरवाडी किंवा खालची बौद्धवाडी यांच्यात चालत तासाभराचं अंतर असू शकतं, आणि शिक्षण-आरोग्यातला फरक बहुतेक तिथेच असतो. म्हणून निवड वाडीची करायची, मग घराची.

घरांची यादी कुठून घ्यायची? ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या नोंदीत, म्हणजे नमुना आठमध्ये, कुलूप लागलेली घरंही असतात. मतदार यादीत मुंबईला राहणारे असतात. प्रत्यक्ष राहणाऱ्यांची सगळ्यात ताजी यादी आशाताई आणि अंगणवाडी सेविका यांच्या वहीत मिळते. ती परवानगीने घ्या, नमुना आठशी ताडा आणि बंद घरांची संख्या अहवालात छापा. त्या ताईंचा दिवस तुमच्यासाठी मोडत असेल तर त्याचं मानधन अंदाजपत्रकात धरा. ‘त्या मदत करतातच’ असं गृहीत धरणारे फार झाले.

आता सात मुलांची शाळा. कोकणात कमी पटाच्या शाळा भरपूर आहेत, त्यामुळे हा प्रश्न चुकत नाही. समजा पट सात, वाचणारी मुलं तीन, म्हणजे ४३ टक्के. दिवाळीनंतर त्यातली एक वाचणारी मुलगी आईबापांकडे दिव्याला गेली. उरली सहा, वाचणारी दोन, म्हणजे ३३ टक्के. कागदावर दहा टक्क्यांची घसरण, आणि गावात कुणाचंही वाचन बिघडलेलं नाही. अशा शाळांची टक्केवारी काढून त्यांची क्रमवारी लावणं हा निव्वळ अन्याय आहे. तीन उपाय आहेत. एकेक शाळा वेगळी न धरता केंद्रातल्या सगळ्या शाळा एकत्र धरा. एका वर्षाऐवजी तीन-चार वर्षं एकत्र घ्या. आणि सगळ्यात चांगलं म्हणजे शाळेऐवजी मुलाचा माग ठेवा: जनरल रजिस्टरमधला, म्हणजे शाळेच्या प्रवेशनोंदवहीतला, क्रमांक घ्या, दाखला काढून कुठे गेलं ते लिहा, जमलं तर फोनवरून नव्या शाळेपर्यंत पोहोचा. सोडून गेलेली मुलं हा तुमच्या अभ्यासाचा कचरा नाही, निम्मं उत्तर त्यांच्यापाशी आहे.

७. मोजताना

मोबाइलवर माहिती भरायला कोबो टूलबॉक्स हे साधन मोफत आहे आणि नेटवर्क नसतानाही चालतं. रात्री रेंजमध्ये आल्यावर अपलोड करा. तरी पावसाळ्यात कागदी प्रती बरोबर ठेवाच.

प्रश्न पुण्याच्या मराठीत लिहाल तर सावंतवाडीकडच्या आजी ‘होय होय’ म्हणून तुम्हाला वाटेला लावतील. विचारणारी मुलगी त्याच भागातली, मालवणी किंवा संगमेश्वरी बोलणारी हवी. आगरी आणि कातकरी वस्त्यांवर तर हवीच.

हिमोग्लोबिन तपासणार असाल तर प्रशिक्षित तंत्रज्ञ घ्या. बोटातल्या थेंबावर चालणाऱ्या यंत्राच्या क्युवेटची (रक्ताचा थेंब घेणाऱ्या पट्ट्यांची) डबी दमट हवेत उघडी राहिली की आकडे बिघडतात, आणि आपल्याकडे हवा दमट नसते तो महिना शोधावा लागेल. गरोदर बाईचं हिमोग्लोबिन सातच्या खाली आलं तर फॉर्म बाजूला ठेवून आधी तिला आरोग्य केंद्रात पोहोचवायचं. हे कोण करणार, गाडी कुठली, पैसे कुठून, हे आराखड्यातच लिहा. नीतिशास्त्र समिती विचारते आणि विचारलंच पाहिजे.

दोडामार्गकडे जानेवारी ते जून या काळात जंगलालगतच्या वाड्यांत फिरणार असाल तर पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. २०१६ पासून तिथे माकडतापाचे रुग्ण आढळलेले आहेत, आणि तो गोचिडीतून होतो.

८. ‘देणगीमुळे’ असं लिहिण्यापूर्वी

ज्या गावाचं मुंबई मंडळ जोरात, त्या गावात शिकलेली आणि नोकरीला लागलेली माणसं आधीपासूनच जास्त असतात. त्यांची नातवंडं तशीही बरी वाचतील. मंडळाने संगणक दिलेल्या आणि न दिलेल्या शाळांची नुसती तुलना केलीत तर तुम्ही मोजलंत गावाचं नशीब, संगणक नव्हे. त्याच शाळेच्या जनरल रजिस्टर आणि निकालपत्रकांत मागे जाऊन मदतीच्या आधीची आणि नंतरची पाच-पाच वर्षं बघा, आणि त्याच काळातली शेजारची शाळाही बघा.

कधीकधी मदत गावाच्या गुणाकडे न बघता येते. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. श्रीवर्धनपासून दापोली-मंडणगडपर्यंत शाळांची छपरं उडाली आणि बाहेरून मदतीचा ओघ लागला. राजापूर-लांजा तुलनेने वाचले. शाळा त्या वर्षी कोविडमुळे सगळीकडेच बंद होत्या, म्हणून नुसतं दापोलीचं आधी-नंतर बघून काही कळणार नाही, दापोली आणि राजापूर दोन्हींचं बघावं लागेल. २२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरानंतरही तसंच. कुठल्या शाळेला काय आणि कधी आलं याची तारीखवार यादी अजून करता येईल, पण पावत्या वाळवीच्या आधी गाठायला हव्यात.

९. अहवाल झाल्यावर

विद्यापीठाला जे द्यायचं ते द्या. गावासाठी मराठीत दोन पानं वेगळी लिहा, कुठल्याही मुलाचं, घराचं, देणगीदाराचं नाव न घालता. चार मुलांच्या वाडीत ‘एक मुलगी, आठवी, अशक्त’ एवढं लिहिलं तरी सगळ्यांना ती कळते, तेव्हा असे तपशील एकत्र करूनच मांडा. शिक्षकांना केंद्राच्या शिक्षण परिषदेत सांगा. गावाला १ मेच्या ग्रामसभेत सांगा, त्या दिवसांत सुट्टीला आलेली मुंबईची माणसंही बसलेली असतात. वाडीवाडीतला फरक दाखवणारा तक्ता सभेत लावण्याआधी सरपंच आणि त्या वाडीतल्या जाणत्यांना एकदा घरी जाऊन दाखवा, नाहीतर चर्चा तक्त्यावर होण्याऐवजी तुमच्यावर होईल.

मंडळाच्या सभेला जाल तेव्हा मात्र कौतुकाच्या वाक्यांनी सुरुवात करू नका. दिलेल्या संगणकांपैकी किती चालू आहेत, तो आकडा आधी सांगा. चिटणीस वहीत लिहून घेतात.